मावशी रडकं घेत नाही

आमच्या मावशीनं लग्न केलं नाही, आणि त्याचं खापर घरातली मोठी माणसं अजून एका शर्टाच्या बाहीवर फोडतात. मागणी घालायला आलेला मुलगा दिसायला बरा होता, बोलायला गोड होता, आणि अंगातला शर्ट शुद्ध सुती आहे हे त्यानं कुणी न विचारता सांगितलं होतं. मावशीनं चहाचा कप देता देता त्याची बाही दोन बोटांत धरून जराशी चोळली आणि आत येऊन माझ्या आईला म्हणाली, "लबाड आहे."

"मुलगा?" आईनं घाबरून विचारलं.

"कापड," मावशी म्हणाली. मग क्षणभर विचार करून, "आणि मुलगाही."

त्यावर बरीच रडारड आणि समजावणी झाली म्हणतात, पण मावशी काही हलली नाही. पुढं तो मुलगा कुठल्याशा भानगडीत सापडला असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान बसली असती, पण तसं काही झालं नाही. तो सुखात आहे आणि मावशीही सुखात आहे.

लबाड ही तिच्या तोंडी शिवी नाही, कामातला शब्द आहे. मावशी गोधड्या शिवते. पोटापाण्यासाठी ती लोकांच्या पँटींची उंची कमी करते, चेन बदलते, उसवलेल्या शिवणी घालते, पण जीव सगळा गोधडीत. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशिन, मागं कापायचं लांब टेबल, आणि भिंतभर फळ्यांवर कापडाच्या तुकड्यांचे गठ्ठे. आसपासचे शिंपी कात्रणं आणून टाकतात, कपड्यांच्या कारखान्यातून पोती येतात, आणि जुने कपडे तर कोण कोण घेऊन येतं. मी तिची भाची. सकाळी तिच्याकडे काज-बटणं करायला बसते आणि तिच्याशी भांडते. दोन्हीत माझा हात चांगला बसला आहे.

लोकांना वाटतं, गोधडीला तुकडे निवडायचे म्हणजे रंग बघायचे. मावशी रंग सगळ्यात शेवटी बघते. तुकडा हातात आला की आधी चोळायचा. सुती म्हणून मिरवणारं, पण आत नायलॉन घुसवलेलं कापड बोटांना कळतं. ते लबाड. इस्त्री फिरवली की ते आक्रसतं आणि शेजारच्या चौकोनालाही ओढून घेतं. मग तिरकं ताणायचं. जे ताणलंही जात नाही आणि सुईलाही वाट देत नाही, जाड पडद्याचं वगैरे, ते आडमुठं. मग खिडकीच्या उजेडात धरायचं. ज्यातून पलीकडचा रस्ता दिसतो ते विरलेलं, म्हणजे हळवं. हळव्याला ती टाकत नाही, खालून दुसरं कापड लावून सांभाळून घेते. शेवटी पांढरं फडकं ओलं करून वर घासायचं. फडक्याला रंग लागला की ते रडकं. रडकं कितीही देखणं असो, मावशी घेत नाही, कारण पहिल्याच धुण्यात ते अख्ख्या गोधडीच्या रंगाचा बेरंग करतं. या सगळ्यातून पार पडेल ते गुणी. गुणी तुकड्यांचे चौकोन कापून टेबलावर मांडले, की मग डोळे किलकिले करून ती बघत उभी राहते, आणि तेव्हा कुठं रंगांची पाळी येते.

हे शब्द आमच्या घरात इतके मुरलेत की आम्ही ते माणसांनाही लावतो. मी आडमुठी, आई हळवी, धाकटा भाऊ लबाड. गुणी अजून कुणी ठरलेलं नाही. पण आमच्या उंबऱ्याबाहेर या शब्दांचे हे अर्थ कुणालाच ठाऊक नाहीत, हे काही आमच्या ध्यानात आलं नव्हतं. कुलूपवाले काका आले नसते तर आलंही नसतं.

कुलूपवाल्या काकांचं दुकान आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. किल्ल्या करून देतात, अडकलेली कुलपं उघडतात. वयानं मावशीपेक्षा मोठे, तरी सगळ्या गल्लीसारखं तिला मावशीच म्हणतात. मोजकं बोलणारा माणूस, आणि दुसऱ्यानं सांगितलेलं जसंच्या तसं धरणारा. एकदा मी त्यांना आमची जुनी किल्ली दिली आणि 'हिच्यासारखीच करून द्या' म्हटलं, तर जुन्या किल्लीचा एक दात झिजून गेला होता तोही त्यांनी नव्या किल्लीत तसाच झिजवून दिला. मी भांडायला गेले तर म्हणाले, "हिच्यासारखीच म्हणालीस ना?"

तर हे काका एके दिवशी सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि बोलेचनात. अशी माणसं बघितली की मला राहवत नाही. "काका, आत तरी या नाहीतर बाहेर तरी व्हा," मी म्हटलं, "उजेड अडतोय."

ते आत आले. लेक गरोदर आहे म्हणाले. बाळंत झाली की बाळाला घेऊन घरी येणार, थोडे दिवस. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. तेव्हापासून लेक घरी यायची ती उभ्या उभ्या. आई नाही त्या घरात मला बसवत नाही, म्हणायची, आणि चहा अर्धा टाकून निघायची. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ती राहायला येणार यातच काय ते आलं.

"हिचे कपडे आहेत," काका म्हणाले. "कपाटात तसेच आहेत. त्यांची बाळाला गोधडी झाली तर... बाळाला आजी काही मिळायची नाही. निदान गोधडी तरी. आणि पोरीलाही घरात जरा बरं वाटेल. राहील."

तो शेवटचा शब्द त्यांनी खाली बघून म्हटला. मला वाईट वाटलं, उजेडावरून त्यांना बोलले त्याचंही वाटलं.

मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या. कुणाच्या तरी कोटाची बाही ती जुळवत होती. टाचण्या काढून म्हणाली, "होईल की. मायेनं करीन. फक्त एक करा, रडके कपडे घरीच वेगळे काढा. तान्ह्या बाळाच्या गोधडीत मी रडकं घेत नाही."

काका तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले. "सगळे रडके?"

"सगळे. एकसुद्धा चालायचा नाही. एक असला तरी बाकीच्यांना बिघडवतो."

"मला ओळखता येतील?"

"तुम्हाला नाही तर कुणाला येणार? तुमच्याच घरातले कपडे."

काका मान हलवून गेले. मी शेजारीच काज घालत होते, पण मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस त्यांचा पत्ता नाही. मावशीनं बाळाच्या मापाचा कागद कापून ठेवला, दोरा काढून ठेवला, आणि मग चिडचिड सुरू केली. "एवढं काय असतं त्यात? फडकं ओलं करायचं नि घासायचं. पोरीचे दिवस भरत आले असतील." एकदा ती दुकानापर्यंत जाऊनही आली, पण काकांनी 'काढतोय' एवढंच सांगितलं. शेवटी ते आले. काखेत लहानसं गाठोडं, डोळे सुजलेले. झोप झाली नसेल, असं मला वाटलं.

मावशीनं गाठोडं टेबलावर सोडलं. वर साटीनचा झगा. चोळला, लबाड. त्याखाली टिकल्यांची ओढणी, ती बाळाला टोचली असती. मखमली जाकीट, आडमुठं. लेस लावलेला नायलॉनचा ब्लाउज, तो तर बघायलाच नको. मावशीच्या कपाळावर आठ्या वाढत चालल्या. सगळ्यात खाली एक गडद लाल झगा निघाला, काकूंच्या लग्नातला. सुती होता, बोटांना मऊ लागत होता. तिचा चेहरा खुलला. तिनं ओलं फडकं घेऊन हलकेच घासलं, आणि फडकं लालभडक झालं.

"अहो, काय हे!" मावशीचा पाराच चढला. "रडके काढा म्हणून सांगितलं होतं ना? आणि हा तर सगळ्यात रडका!"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी लाल झग्यावर हात ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "हा नाही. ह्यात ती एकदासुद्धा रडली नाही."

मावशीचा हात तिथल्या तिथे थांबला.

"लग्नात सगळे म्हणत होते, आता रडेल, आता रडेल. नाही रडली. हसत होती." त्यांनी साटीनच्या झग्याकडे बोट दाखवलं. "ह्यातही नाही. ओढणीतही नाही. मी नीट आठवून आठवून काढले, मावशी. एकेक कपडा घेऊन बसलो. म्हणून तर वेळ लागला."

मला हसू फुटलं. फुटलं ते खरं, उगाच खोटं कशाला सांगू. पण ते पुरतं बाहेर पडायच्या आधीच मी आवरलं, कारण इतके दिवस हा माणूस कपाटासमोर बसून काय करत होता ते माझ्या लक्षात आलं. बायको कधी, कुठं, कशात रडली होती ते तो एकटा बसून आठवत होता, आणि तेही आम्ही सांगितलं म्हणून. मी हातातलं बटण खाली ठेवलं.

मावशीनं स्टूल ओढून त्यांना बसवलं. "अहो, रडकं म्हणजे रंग जाणारं हो. आमच्या घरात म्हणायची पद्धत आहे तशी."

"रंग जाणारं."

"हो."

"रडणारं नाही?"

"पाण्यात घातलं की रडतं ना ते. रंग गाळतं."

काकांनी फडक्याकडे बघितलं, झग्याकडे बघितलं. "मग तसं सांगायचं," ते म्हणाले. त्यांच्या मानानं हे कडाक्याचं भांडण होतं, आणि मावशीनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. तिला असं मुकाट्यानं ऐकताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

मग एकदम दचकून तिनं विचारलं, "आणि ते बाकीचे? तुमचे रडके? ते कुठं आहेत?"

"दुकानात नेले. मऊ आहेत सगळे. कुलपांचं तेल पुसायला होतील म्हणून."

मावशी उठलीच. पायांत चपला सरकवल्या, एक कोरं पांढरं फडकं ओलं करून घेतलं आणि निघाली. मी काज-बटणं तशीच टाकून मागं.

काकांचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. एका वेळी एकानंच वळावं. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, टेबलावर पकड, कानशी, तेलाची कुपी, आणि जमिनीवर पितळेचा बारीक कीस. टेबलाखालचा खण अडकतो, तो त्यांनी गुडघ्यानं ढकलून उघडला. कुलूपवाल्याचा खण अडकतो यावर एरवी मी गप्प बसले नसते.

आत कपडे होते. घडीवर घडी, कडेला कड लावून ठेवलेले, आणि तेल उडू नये म्हणून वर कागद पसरलेला. एकालाही डाग नव्हता.

"पुसलं नाहीत?" मावशीनं विचारलं.

"काढले पुसायला. पण हात होईना."

त्यांनी टेबल आवरलं, कागद अंथरला आणि एकेक कपडा वर ठेवायला सुरुवात केली. पहिला निळ्या चौकड्यांचा गाऊन होता.

"पोरगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हाचा. ती नाही रडली, ही रडली. फाटकाला धरून."

मावशीनं चोळला, ताणला, दाराच्या उजेडात धरला, फडक्यावर घासला. फडकं पांढरंच राहिलं. "गुणी," ती म्हणाली.

हिरव्या फुलांचा झगा. "हिचे वडील गेल्याचं कळलं तेव्हा. भाजी चिरत होती. ती सगळी चिरून संपवली आणि मग रडली."

"गुणी. कोपरावर हळवा झालाय, पण चालेल."

धुऊन धुऊन दुधासारखा झालेला अॅप्रन. काकू बेकरीत कामाला होत्या. "बेकरी बंद झाली त्या दिवशीचा. घरी येऊन अंगातून काढेचना."

"गुणी."

मग पिवळा, बारीक ठिपक्यांचा. तो हातात घेऊन काका जरा थांबले. "ह्यात फार रडली. आवरेचना तिला."

"असं काय झालं होतं?" मी हळूच विचारलं.

"मी घराबाहेर अडकलो होतो. किल्ली आत राहिली. कुलूप मीच बसवलेलं, चांगलं भारी, आणि माझ्याच्यानं उघडेना. सगळी गल्ली जमली. ही कामावरून आली तर मी दाराशी बसलेला. पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी."

"अहो काका, हे हसणं झालं!" मी ओरडलेच.

"पाणी आलं ना डोळ्यांतून?" काका म्हणाले. "मी दोन्हीकडे ठेवून बघितला. मग म्हटलं, नको. एकसुद्धा चालायचा नाही म्हणाल्या होत्या."

मावशी हसायला लागली. मग पदर शोधावा तसं तिनं हातातलं ओलं फडकंच डोळ्यांना लावलं आणि पाठ फिरवून जरा वेळ भिंतीवरच्या किल्ल्या बघत उभी राहिली.

पुढचे कपडेही असेच निघाले. झाडून सगळे गुणी. ज्या ढिगातून बाळाची गोधडी होणार होती तो सगळाच्या सगळा काकांनी बाद केला होता, आणि जे आणलं होतं त्यातला एक धागाही उपयोगाचा नव्हता. मावशीनं गठ्ठा उचलला तेव्हा काकांनी त्यावर हात ठेवला.

"पण बाळाच्या अंगावर हे सगळं घालायचं? एवढं रडणं?"

मावशीनं चौकड्यांच्या गाऊनची बाही उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बघा किती मऊ आहे. हा आपोआप नाही असा झाला. समारंभाचे कपडे माणूस दोन घटका घालतं नि पुन्हा टांगून ठेवतं. हे ती रोज घालायची, रोज धुवायची. रडायचं झालं तर कुणी कपडे बदलून रडायला बसतं का? अंगात असतं त्यातच रडतं. ह्यातच तिनं स्वयंपाक केला असेल, ह्यातच तुमच्यावर ओरडली असेल, ह्यातच पोरीला मांडीवर घेतलं असेल. पोरीला तिची आई ओळखू येणार ती ह्यांच्यात. त्या टिकल्यांमध्ये नाही."

काकांनी बाही बराच वेळ हातात धरली. रस्त्यावरून कुणीतरी किल्ली हवी म्हणून डोकावलं, त्याला मी नंतर या म्हणून घालवून दिलं.

"मांडीवर पिवळ्यात घ्यायची," काका शेवटी म्हणाले. "चौकड्यातही घ्यायची. पण जास्त करून पिवळ्यात."

"मग पिवळा मधोमध," मावशी म्हणाली.

लाल झगा तिनं कापू दिला नाही. तो लेकीसाठी कपाटात टांगून ठेवायला सांगितला. गोधडी तिनं एकटीनं केली, मला टाकासुद्धा घालू दिला नाही. मधोमध पिवळा चौकोन, भोवती अॅप्रनचे पांढरे, मग हिरवी फुलं, कडेनं निळ्या चौकड्या, आणि खालून काकूंच्या एका सैल गाऊनचं अख्खं कापड. हळव्या तुकड्यांना तिनं खालून आधार दिला. एखादा चौकोन जागेवर बसेना तर पुन्हा उसवायची, आणि मी काही बोलायला गेले तर नुसतं बघायची. गोधडी न्यायला काका आले तेव्हा बाळ झालं होतं, मुलगी. त्यांनी गोधडी काखेत घेतली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "घरात कुठलंही कुलूप बिघडलं तर सांगा." आमच्या घरात एकही कुलूप धड नाही, पण ती वेळ सांगायची नव्हती.

लेक बाळाला घेऊन आल्याचं आम्हाला शेजारणीकडून कळलं. त्यापुढं काही कळेना. मावशी कामात लक्ष नसल्यासारखी बसायची. दाराशी सावली पडली की मान वर करायची आणि पँटवालं गिऱ्हाईक दिसलं की पुन्हा खाली घालायची. "आईचे कपडे ओळखून पोरीला त्रास तर झाला नसेल?" एकदा तिनं विचारलं. "मी उगाच मोठ्या तोंडानं बोलले. निघून गेली असली तर?" मला काय ठाऊक असणार? मी नेहमीप्रमाणे 'काही होत नाही' म्हटलं, पण माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

मग एका सकाळी काका दारात येऊन उभे राहिले. उजेड अडवून. आणि बोलेचनात. हातात गठ्ठा होता. गोधडी परत आणली, असंच आम्हा दोघींना वाटलं. मावशीनं मशिनचं चाक हातानं थांबवलं.

"लहान पडते," काका म्हणाले.

"लहान?" मावशी भडकली, म्हणजे तिच्या जिवात जीव आला. "बाळाच्या मापाची आहे! वरून वीतभर जास्तच ठेवलीय!"

"बाळाला पुरते. पण पोरगी झोपते ना त्यात. बाळाला घेऊन झोपते. तिचे पाय बाहेर राहतात."

मग मी विचारलं, "कपडे ओळखले तिनं?"

"आल्या आल्या पिवळ्यावर हात ठेवला. म्हणाली, बाबा, हा तुम्ही बाहेर अडकलात त्या दिवसाचा."

"मग? हसली की रडली?"

"दोन्ही."

"आणि किती दिवस आहे अजून?"

"विचारलं नाही. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकलीय तिनं. आपणहून." काकांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "एक मोठी करून द्या. तिच्या मापाची."

"करते की. पण काकूंचं कापड तर संपलं."

"माझं आणलंय."

मावशीनं गठ्ठा सोडला. काकांचे घरात घालायचे सदरे होते, रंग उडालेले, कॉलरी झिजलेल्या. तिनं वरचा सदरा उचलून दोन बोटांत चोळला. मग सवयीनं, काही मनात न आणता विचारलं, "रडके?"

काकांनी थोडा विचार केला. खोटं बोलायची त्या माणसाला सवयच नाही.

"तुमच्या अर्थानं नाही," ते म्हणाले.

ओलं फडकं तिच्या हाताशीच होतं. ते तिनं उचललं नाही. सदरा मांडीवर पसरला, त्यावरून एकदा तळहात फिरवला, "गुणी आहेत," म्हणाली, आणि लेकीची उंची विचारली.